पकडीचा नियम : आवृत्ती, पंच आणि संहिता

खेळाचे नियमपुस्तक ही संहिता मानायची की केवळ सूचनांची यादी, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि आधुनिक भाषाविचाराने आपली एक मूलभूत उपपत्ती खेळाच्याच दृष्टान्तावर उभी केली, हे विसरता येत नाही. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांत भाषाव्यवस्थेला बुद्धिबळाची उपमा दिली आहे : सोंगटी लाकडाची की हस्तिदंताची याला महत्त्व नाही, व्यवस्थेतील तिचे स्थान महत्त्वाचे. या उपमेत एक गृहीतक दडलेले आहे. डाव चालू असताना नियम स्थिर आहेत आणि ते दोन्ही खेळाडूंना सारखेच ज्ञात आहेत, असे तीत धरून चालले आहे. प्रत्यक्षात नियमांनाही इतिहास असतो, त्यांच्याही आवृत्त्या निघतात, आणि ते पुस्तक कोणाच्या हाती आहे यावर खेळाचा अर्थ बदलतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ इतका काळ वेचला. पाठभेदांतून परंपरेचे अंतरंग उलगडते ही जाण मराठी अभ्यासकाला त्या परंपरेने दिली आहे. हीच जाण नियमपुस्तकांना लावली तर काय हाती लागते, हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी लढतीच्या नियमांतला एकच नियम निवडणे सोयीचे ठरेल. तो म्हणजे पकडीचा. आघाताचा नियम लिहिणे तुलनेने सोपे असते, कारण आघाताला एक क्षण असतो : लागला किंवा हुकला. पकडीला असा क्षण नसतो. दोन देह एकमेकांत गुंतलेले असतात, कोण कोणाला धरून आहे हे पळापळाला बदलते, आणि पाहणाऱ्याच्या जागेवरूनही ते वेगळे दिसते. म्हणूनच लढतीचे खेळ शब्दबद्ध करणाऱ्यांची खरी कसोटी पकडीपाशी लागते.

पकडीच्या नियमाची अशी तुलना अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरात एका घराच्या ओसरीवर काही वर्षे चाललेली आहे. अंकुशनगर म्हणजे सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. गोदावरीच्या उत्तरेकडील हा पट्टा जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाचा झाला. त्या ओसरीवरचे दोघे म्हणजे एक निवृत्त क्रीडाशिक्षक आणि पुण्याला शिकणारा त्यांचा भाचा. मामांच्या पेटीत हुतूतू-कबड्डीची निरनिराळ्या काळांतली नियमपुस्तके आहेत, कडा झिजलेली आणि समासात पेन्सिलीने खुणा केलेली. भाचा दिवाळीच्या सुटीत आपल्या पिशवीतून आणतो ती पुस्तके एका परदेशी खेळाची असतात. नव्या आवृत्तीत लढाई फार सोपी केली, जुनीत फार गुंता होता, की त्या गुंत्यातच मौज होती, असा त्याचा आणि त्याच्या मित्रांचा जुना वाद आहे. मामांनी त्या वादात भाग घेतला नाही. प्रत्येक आवृत्तीविषयी त्यांनी दोनच प्रश्न विचारले : "यात पकड झाली हे ठरवतात कसं? आणि हे पुस्तक कोणापाशी असतं?" दुसरा प्रश्न भाच्याला प्रथम अप्रस्तुत वाटला. वस्तुतः संपूर्ण विषयाची किल्ली त्याच प्रश्नात आहे.

तो परदेशी खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. यात पट असलाच तर दुय्यम. मुख्य व्यवहार बोलण्याचा असतो. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, पात्रे काय करतात ते खेळाडू सांगतात आणि त्याचा परिणाम सूत्रधार सांगतो. जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासा टाकायचा. आख्यान, नाट्य आणि द्यूत यांचा हा संकर असल्याने त्याची नियमसंहिता साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

१९७४ च्या पहिल्या तीन पुस्तिका लढतीच्या बाबतीत जवळजवळ मुक्या आहेत. वाचकापाशी ‘चेनमेल’ हे १९७१ चे युद्धखेळाचे पुस्तक आहे असे त्या गृहीत धरतात, आणि पर्याय म्हणून वीस बाजूंच्या फाशावर आधारलेली एक पद्धत देतात. पकडीला तेथे स्वतंत्र प्रकरण नाही. जे लिहिले नाही ते सूत्रधाराने ठरवावे, ही अपेक्षा. पुढे १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे विशेषण लावून तीन बांधीव ग्रंथ निघाले आणि मौनाची जागा विस्ताराने घेतली. एक मिनिटाची फेरी, तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा विभाग, कोणते शस्त्र कोणत्या चिलखतावर किती परिणामकारक याचे कोष्टक, आणि मुष्टियुद्ध, पकड व अंगावर झेपावणे यांच्यासाठी टक्केवारीची अगदी निराळी रीत. हा गुंता प्रसिद्धच आहे. परंतु त्याहून महत्त्वाची बाब अशी की प्रहार लागला की नाही हे ठरवणारी कोष्टके १९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथात नव्हती. ती १९७९ मध्ये सूत्रधाराच्या ग्रंथात आली. खेळाडूने फासा टाकायचा, आकडा सांगायचा, आणि त्याचा अर्थ दुसऱ्याच्या पुस्तकातून ऐकायचा.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा पडदा बऱ्याच अंशी सारला. ‘थॅको’ नावाचा एक आकडा प्रत्येक पात्राच्या कागदावर आला. त्यातून वजाबाकी करून प्रहार लागण्यासाठी फाशावर किती हवे ते काढता येई. वजाबाकीमुळे नवशिका गोंधळे हे खरे, पण गणित त्याच्या हाती आले होते. याच आवृत्तीत कुस्तीचे एक चमत्कारिक कोष्टक होते. फाशावर जो आकडा पडेल त्यावरूनच कोणता डाव बसला, हात पिरगळला की कवळ घातली, हे वाचायचे.

२००० ची तिसरी आवृत्ती नव्या प्रकाशकाची. ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ने मूळ कंपनी १९९७ मध्ये विकत घेतली होती. या आवृत्तीने वजाबाकी काढून टाकली. फाशात आपले बळ मिळवावे आणि बेरीज समोरच्याच्या संरक्षणांकाइतकी किंवा अधिक झाली तर प्रहार लागला, इतके मूलसूत्र सरळ झाले. पण पकडीचा नियम मात्र चार पायऱ्यांचा झाला. धरायला जाताच समोरच्याला संधीचा आघात करता येतो. त्यातून निभावले तर स्पर्श झाला का हे पाहायचे. मग दोघांनी फासे टाकून बळ अजमवायचे. शेवटी पकड टिकवायची तर त्याच्या जागेत शिरायचे. हे सारे खेळाडूंच्याच ग्रंथात, सर्वांसमोर छापलेले. पकड आली की पुस्तक उघडावे लागते आणि खेळ थांबतो, अशी तक्रार या आवृत्तीविषयी होत राहिली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने पकड एका फाशावर आणली. २०१४ च्या पाचवीने ती दोघांच्या बळाची समोरासमोरची चढाओढ केली. २०२४ च्या सुधारित ग्रंथांत तीही गेली. धरणाऱ्याचा अंक ठरलेला असतो आणि धरला जाणाराच निसटण्यासाठी फासा टाकतो.

या क्रमाकडे ‘सोप्याकडून अवघडाकडे आणि पुन्हा सोप्याकडे’ असे पाहणे स्वाभाविक आहे, आणि भाच्याचा वाद याच रेषेवर चालतो. परंतु मामांचा दुसरा प्रश्न विचारात घेतला तर वेगळे चित्र दिसते. १९७४ चा नियम कागदावर सोपा आहे, कारण सारी गुंतागुंत सूत्रधाराच्या डोक्यात आहे. १९७९ मध्ये ती कागदावर आली, तरी तो कागद सूत्रधाराच्याच हाती राहिला. २००० मध्ये ती प्रत्येकाच्या हाती आली, म्हणून तिचे ओझे प्रत्येकाला जाणवले. २०१४ चा नियम पुन्हा सुटसुटीत आहे, पण पहिल्यासारखा मुका नाही. थोडक्यात सांगितलेला आणि सर्वांना माहीत असलेला नियम वेगळा आणि न सांगितलेला नियम वेगळा. शब्दसंख्या मोजली तर दोन्ही ‘सोपे’च ठरतात. एकात खेळाडू सूत्रधाराच्या कृपेवर असतो, दुसऱ्यात नसतो.

ही ये-जा एका खेळापुरती मर्यादित नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये रायस्विट्झने युद्धखेळाचे नियम कोष्टकांसह सिद्ध केले. १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने ती कोष्टके दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त प्रकार पुरस्कारला. पंच तेथे वरिष्ठ अधिकारी असे आणि खेळणारे त्याचे कनिष्ठ. विश्वास कोणावर ठेवायचा हे सैन्याच्या उतरंडीनेच आधी ठरवले होते.

आता मामांच्या पेटीकडे वळता येईल. हुतूतू हा लोकखेळ. त्याचे नियम गावोगाव निराळे आणि त्यांची संहिता मौखिक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात त्यांना एकसूत्री रूप देण्याचे प्रयत्न झाले आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या पुढाकाराने छापील नियमांनिशी अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक केले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९५२ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत प्रवेश, २०१४ पासून दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक लीग, असे पुढचे टप्पे. प्रत्येक टप्प्यावर नियमपुस्तक जाड होत गेले.

या पुस्तकांची भाषा पाहावी. मैदानावरचा गडी ‘मरतो’ आणि ‘जिवंत होतो’. पुस्तकातला खेळाडू ‘बाद’ होतो. मरणाचे रूपक पुसून कचेरीची भाषा आली, असे वरवर वाटते. परंतु जुन्या तीन प्रकारांची नावे रूपक जपूनच होती. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी मेला की आपला एक उठतो. ‘गामिनी’त मेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. ‘अमर’मध्ये तो मैदान सोडतच नाही, केवळ गुण नोंदवला जातो. मृत्यूचा अर्थ काय, याची ही तीन उत्तरे आहेत, आणि प्रत्येक उत्तरातून निराळे आख्यान निघते. गामिनीत विलंबित शोकान्त आहे, अमरमध्ये जमाखर्च आहे. आजच्या कबड्डीने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले, म्हणून तिच्यात हरत आलेला संघ पुन्हा उभा राहू शकतो. नियमांचा तपशील आख्यानाचा घाट ठरवतो तो असा.

दमाच्या नियमात तर विश्वासाचे स्थलांतर स्पष्टच दिसते. चढाई एका श्वासात व्हावी, हा या खेळाचा प्राण. दम तुटला की नाही हे पंचाच्या कानावर अवलंबून. वाद बहुधा यावरच होत. पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. देहाने मोजला जाणारा काळ घड्याळ मोजू लागले. यात काही तरी हरवले हे नाकारता येत नाही, कारण श्वास हे खेळाडूचे स्वतःचे माप होते. परंतु घड्याळ सर्वांना दिसते आणि पंचाच्या कानात काय ऐकू आले ते कोणाला दिसत नाही.

पकडीच्या नियमात ‘झटापट’ ही संज्ञा आहे. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. त्यातल्या दोन्ही कडांचा एकेक मीटर हा राखीव भाग. एरवी त्यात पाय पडला तर खेळाडू बाद. पण झटापट सुरू होताच, म्हणजे चढाईपटू आणि बचाव करणारे यांचा स्पर्श होताच, राखीव भाग मैदानात जमा होतो. मैदान पकडीच्या क्षणी रुंदावते, ही कल्पना विलक्षण आहे. ओढाताणीत देह कडेला जाणारच, त्याला दंड नको, इतका विचार तीत आहे. चढाईपटूचे तोंड दाबून दम बंद करू नये, पायांची कैची घालू नये, हे निषेधही त्याच विचारातून आलेले.

अंकुशनगरच्या मैदानावर राखीव भागाची रेषा नव्हती. फक्कीची एकच कड मारत, कारण तेवढीच मारण्याची रीत होती. गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या येत, कोप्या पडत आणि संध्याकाळी कोप्यांवरची मुले वसाहतीच्या मुलांशी खेळायला येत. ती आपापल्या गावचे नियम घेऊन येत. एका हंगामात अशाच एका मुलाला चढाईत तिघांनी धरले. ओढाताणीत त्याचा पाय कडेबाहेर गेला आणि पुढच्याच क्षणी त्याचा हात मध्यरेषेला टेकला. वसाहतीची मुले ‘मेला’ म्हणून ओरडली. पंच होते मामा. त्यांनी मैदानाच्या रीतीप्रमाणे मुलगा बाद दिला. मुलाने विचारले, "गुरुजी, हे कुठं लिहिलंय?" लिहिलेले होते ते त्याच्या बाजूचे होते, आणि ते घरी पेटीत होते. पुस्तकाप्रमाणे तो जिवंत होता आणि धरणारे तिघे बाद होते. पण पुस्तकाला जी दुसरी रेषा हवी ती मैदानावर नव्हती. दुसऱ्या दिवशी मामांनी दुसरी रेषा मारली. ती आजतागायत मारली जाते. त्या मुलाला तिचा उपयोग किती झाला हे सांगता येत नाही. पुढच्या हंगामात त्याच्या टोळीने दुसऱ्या कारखान्याची उचल घेतली.

हा निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर मामा आजही एकच उत्तर देतात : काल रेषा नव्हती, आज आहे. हे उत्तर तपासण्याजोगे आहे. एच. एल. ए. हार्टने १९६१ मधील आपल्या विधिविषयक ग्रंथात दोन खेळांतला भेद दाखवला आहे. एकात गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, तरी तो नियमाला बांधलेला असतो. दुसऱ्यात गुणलेखकाच्या मर्जीलाच नियम म्हणतात. अंतिम असणे आणि अचूक असणे या दोन गोष्टी निराळ्या, हा हार्टचा मुद्दा. मुलाचा प्रश्न नेमका याच भेदावर बोट ठेवतो. निर्णय मानायला तो तयार होता. तो निर्णय कशाला बांधलेला आहे, एवढेच त्याला हवे होते. स्टॅन्ली फिशच्या १९८० च्या मांडणीप्रमाणे अर्थ ठरतो तो अर्थनिर्णय करणाऱ्या समुदायात. हे मान्य केले, तरी समुदाय एकच आहे हे कोणी ठरवायचे? वसाहतीतील मुलांचा समुदाय मैदानाचा धनी होता आणि कोप्यांवरची मुले पाहुणी. रीत ज्यांना जन्मापासून ठाऊक आहे त्यांना ती नैसर्गिक वाटते. बाहेरून आलेल्याला छापील शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो.

जुन्या, मौखिक, सैल नियमांविषयी साहित्यविचारात एक ओढ आढळते. लोकपरंपरा लवचीक आणि छापील संहिता ताठर, असे द्वंद्व मांडले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. तीस सेकंदांच्या घड्याळाने श्वासाला दुय्यम केले आणि चार पायऱ्यांच्या पकडीने आख्यानाचा ओघ तोडला, हे खरेच आहे. परंतु लवचीकपणा कोणाच्या बाजूने वाकतो हा प्रश्न त्या ओढीत विसरला जातो. भीष्मपर्वात युद्धापूर्वी दोन्ही पक्ष युद्धधर्म ठरवतात : रथीने रथीशी लढावे, शस्त्र टाकलेल्यावर प्रहार करू नये. ते नियम एकेक करून मोडतात. गदायुद्धात नाभीखाली प्रहार नको हे सर्वांना ठाऊक असूनही दुर्योधनाची मांडी फुटते, बलरामाचा कोप होतो, आणि कृष्णाच्या युक्तिवादाने त्याचे समाधान होत नाही. नियम होता, पंच मात्र पक्षाबाहेरचा नव्हता. महाकाव्य त्या रिकाम्या जागेतून आपली नैतिक व्यथा निर्माण करते. मैदानावरच्या मुलाला अशी व्यथा नको असते, त्याला दुसरी रेषा हवी असते.

तेव्हा नियमांची गुंतागुंत ही अविश्वासाची खूण आहे असे म्हटले जाते ते मान्य करण्यास हरकत नाही. प्रत्येक नवे कलम म्हणजे पूर्वी कधी तरी झालेल्या तंट्याचा अवशेष असतो. मात्र हा अविश्वास कोणाचा, हे विचारले पाहिजे. तो बलवानाचा असेल तर नियम अडवणूक ठरतो. ज्याला मैदानावर आवाज नाही त्याचा असेल, तर त्याला न्यायाची मागणी म्हणावे लागते. त्याच वेळी हेही खरे की कोणतेही कलम पकड पूर्णपणे लिहू शकत नाही. टक्केवारी, चार पायऱ्या, एक फासा, राखीव भाग, हे सारे त्या गुंतलेल्या देहांभोवती ओढलेले कुंपण आहे. झटापट नेमकी केव्हा सुरू झाली हे शेवटी कोणी तरी पाहावेच लागते. संहिता पंचाला अनावश्यक करीत नाही. तो काय पाहतो आहे हे इतरांना ताडता यावे, एवढीच सोय ती करते.

म्हणून नियमपुस्तकांच्या आवृत्त्यांची तुलना पानांच्या जाडीवरून करणे अपुरे आहे. कोणती गोष्ट पंचाच्या मनातून कागदावर आली, तो कागद कोणाच्या हाती पडला आणि त्यासाठी मैदानावर कोणती नवी रेषा मारावी लागली, या तीन प्रश्नांनी ती व्हावयास हवी. साहित्यकृतीच्या संहितेलाही हेच प्रश्न विचारता येतात. वर्गात शिकवली जाणारी वाचनाची रीत आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने विचारलेला ‘हे कुठे लिहिले आहे’ हा प्रश्न, यांच्यामध्येही बहुधा एक न मारलेली रेषा असते. भाच्याने आता जुनी आणि नवी अशी दोन्ही पुस्तके टेबलाच्या मध्यभागी, सर्वांचा हात पोचेल अशी ठेवण्याचा नेम केला आहे. कोणती आवृत्ती श्रेष्ठ यावरचा त्याचा मित्रांशी वाद मिटलेला नाही.